लाडाने लोळलेलं गवत

पत्र थोडक्यात असं: 'तीन वर्षांपूर्वी फाटकापासून दारापर्यंतच्या वाटेच्या कडेने शोभेच्या हिरव्या गवताचे अठरा ठोंब लावले. नर्सरीत त्याला नुसतं "फाउंटन ग्रास" म्हणाले. "काटक आहे, काही करावं लागत नाही" असंही म्हणाले. पहिली दोन वर्षं येणारा-जाणारा थांबून बघायचा. यंदा सगळं वाटेवर आडवं झालंय, ठोंब मधोमध टकलासारखे वाळलेत आणि झाडाखालच्या तिघांना तर तुराच आलेला नाही. मी रोज ठिबकने पाणी देते, हिरवळीला टाकते तेच दाणेदार खत यालाही दर महिन्याला देते, तरी ही गत. आमचे हे म्हणतात, उपटून टाक आणि फरश्या बसव. मी बुरशीनाशकाची बाटली आणून ठेवलीय, मारू का? शेजारच्या काकू त्यांच्याकडच्या पम्पास गवताचा ठोंब देते म्हणतात, तो लावू का? आणि वाटेच्या फरश्यांच्या फटींतूनही हेच गवत उगवायला लागलंय, ते चांगलं लक्षण समजायचं ना? – गवताला कंटाळलेली'

ताई,

ती बाटली उघडली नसेल तर दुकानात परत करा. तुमच्या गवताला रोग झालेला नाही. गवतावर तांबेरा पडतो, नाही असं नाही. पण तो पडला की पात्यांवर नारिंगी-तपकिरी पुळ्या येतात आणि बोट फिरवलं की गंजासारखी पूड बोटाला लागते. तसं काही तुम्ही लिहिलेलं नाही. आडवं पडणं, मधून वाळणं, तुरा न येणं या तुमच्या तीन तक्रारी. तिन्हींची कारणं वेगवेगळी आहेत आणि बुरशीचा त्यांतल्या एकीशीही संबंध नाही. जाता जाता विचारलेला फटींचा प्रश्न मात्र मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटला. त्याच्याकडे येतेच.

आडवं पडण्याला शेतात नेमका शब्द आहे: पीक लोळलं. भात लोळतो, गहू लोळतो, ऊस लोळतो. लोळलेलं पीक दाखवलंत तर कुठलाही शेतकरी पहिल्यांदा विचारील, युरिया किती टाकला होता? नत्र जास्त झालं की गवतवर्गातली झाडं भराभर उंच होतात, पण दांडे बुंध्याशी लुसलुशीत राहतात. वर तुरा येतो, त्यावर पावसाचं पाणी बसतं, दांडा वाकतो तो पुन्हा उठत नाही. हिरवळीला टाकायच्या दाणेदार खतात भर असतो तो नत्राचाच, कारण हिरवळीकडून आपल्याला फक्त पानं हवी असतात आणि ती आपण सारखी कापत असतो. इथे कापणं नाही, नुसतं खाऊ घालणं. दर महिन्याला, तीन वर्षं! तुमचं गवत आजारी नाही हो, सुखवस्तू झालंय.

त्यात रोजचं पाणी. ठिबकने रोज थोडं थोडं पाणी मिळालं की मुळांना खाली जायचं कारणच उरत नाही. ती वरच्या वीतभर मातीत जाळं करून बसतात. या जातीच्या गवतांची खरी ताकद जमिनीखाली असते. अमेरिकेत नेब्रास्कामध्ये जॉन वीव्हर नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात माळावरच्या गवतांच्या बाजूने खोल चर खणून मुळं मोजली होती. स्विचग्रासची मुळं जवळजवळ ३ मीटर खाली गेलेली त्याला सापडली. वर माणसाच्या छातीइतकं गवत आणि खाली त्याच्या दुप्पट मुळं! असं झाड वाऱ्यापावसात उभं राहतं आणि दुष्काळातही तग धरतं. पाणी खाली शोधावं लागलं म्हणूनच तर त्याने इतकी मुळं केली.

नर्सरीतल्या माणसाचं 'काही करावं लागत नाही' हे वाक्य अर्धं खरं आहे. पहिल्या वर्षी करावं लागतं. लावल्यावर पहिले काही आठवडे दोन-तीन दिवसांनी पाणी, मग हळूहळू लांबवत पण दर वेळी भरपूर, आणि आजूबाजूचं तण वेचत राहायचं. त्यानंतर खरंच फारसं काही लागत नाही. मी पाहिलंय, बहुतेक लोक याच्या नेमकं उलट करतात. पहिल्या उन्हाळ्यात 'काटक आहे ना' म्हणून विसरतात आणि जगलं-वाचलं तर तिसऱ्या वर्षी कौतुकाने खत घालतात.

तेव्हा खत आजपासून बंद. वर्षातून एकदा, छाटणीनंतर, बुंध्याभोवती कुजलेल्या कंपोस्टचा बोटभर थर पुरे, आणि माती मुळात बरी असेल तर तोही नको. पाणी मात्र एका दिवसात तोडू नका. मुळं वरच आहेत, एकदम तोडलंत तर होरपळतील. रोजचं पाणी आधी तिसऱ्या दिवशी करा, महिन्याभराने आठवड्यावर न्या, पुढे पंधरवड्यावर. देताना मात्र तासभर चालू ठेवा, वीतभराच्याही खाली ओल गेली पाहिजे. खुरप्याने उकरून बघा. वरची दोन बोटं माती कोरडी आणि खाली गारवा असेल तर त्या दिवशी पाणी द्यायचं नाही.

आता टक्कल. गवताचा ठोंब म्हणजे एक झाड नव्हे, फुटव्यांची वसाहत. प्रत्येक फुटवा काही काळ जगतो, तुरा देतो आणि संपतो. त्याच्या बुडातून नवे फुटवे निघतात ते बाहेरच्या बाजूला, जिथे मोकळी माती आणि उजेड असतो. त्यामुळे ठोंब दरवर्षी कडेने वाढत जातो आणि मध्यभागी जुन्या, मेलेल्या बुडख्यांची लाकडासारखी गाठ तयार होते. कड हिरवी, मध्य रिकामा, आणि कडेचे दांडे आधाराशिवाय चारही बाजूंना कलंडलेले. बहुतेक ठोंबाळ गवतांना हे तीन-चार वर्षांत होतंच; खत-पाण्याने तुमच्याकडे जरा लवकर झालं, इतकंच. उपाय एकच, खणून काढायचं आणि तोडून पुन्हा लावायचं.

पण थांबा, पहार हातात घेण्याआधी फटींचं बघू. खणून परत लावायचं की खणून टाकायचं, हे त्याच्यावर ठरणार आहे.

फटींतून रोपं येणं म्हणजे तुमच्या गवताचं बी रुजतंय, आणि हे चांगलं लक्षण समजायची घाई नको. 'फाउंटन ग्रास' या एका नावाखाली निदान तीन वेगळी गवतं विकली जातात. तिन्ही पेनिसेटम, म्हणजे बाजरीची भाऊबंद. तुऱ्याकडे नीट पाहिलंत तर कणसाची ठेवण ओळखू येईल. (२०१० मध्ये शास्त्रज्ञांनी पेनिसेटम हे सगळं घराणं सेंक्रसमध्ये विलीन करायचं ठरवलं. त्यामुळे कुंडीवरच्या चिठ्ठीत सेंक्रस लिहिलेलं दिसलं तरी गोंधळू नका.) यातलं जांभळ्या-मरून पात्यांचं 'रुब्रम' तुमचं नाही, कारण तुमचं हिरवं आहे. त्याला सहसा रुजणारं बी धरत नाही, आणि थंडी मात्र अजिबात सोसत नाही. उरली दोन.

एक पेनिसेटम अलोपेक्युरॉइडिस. मूळचं पूर्व आशिया ते ऑस्ट्रेलिया या पट्ट्यातलं, बर्फाची थंडीसुद्धा काढणारं. तुरा आखूड, जाडसर, बाटली धुवायच्या ब्रशसारखा. 'हॅमेल्न' नावाचा बुटका प्रकार याचाच. अधूनमधून बी रुजतं, पण हाताने उपटून आवरता येतं.

दुसरं पेनिसेटम सेटेशियम. हे उत्तर आणि पूर्व आफ्रिकेतलं, कोरड्या खडकाळ उतारांवरचं. पातं फार बारीक, कडा आत वळल्याने तारेसारखं वाटणारं. तुरा लांब, सडपातळ, वाकलेला, कोवळा असताना गुलाबी-जांभळट आणि मग पांढुरका. दिसायला तिघांत सगळ्यांत देखणं, हे कबूल करावं लागेल. आणि तिघांत सगळ्यांत उपद्रवीही हेच. याला बी धरायला परागीभवनही लागत नाही. एकटं झाड असलं तरी तुराभर बी तयार. त्या बियांना केसाळ पिसारा असतो, तो वाऱ्यावर, पाण्यावर, गाडीच्या चाकांना चिकटून जिकडेतिकडे जातो. हवाई बेटांवर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे शोभेसाठी नेलं. ज्या उघड्या लाव्हाच्या उतारांवर पूर्वी आग पसरायला काही नव्हतं, तिथे आता याच्या वाळलेल्या पात्यांवरून वणवे धावतात आणि वणव्यानंतर सगळ्यांआधी परत उगवतं तेही हेच. युरोपीय संघाने २०१७ मध्ये याला उपद्रवी परक्या जातींच्या यादीत घातलं; तिथे ते विकायला, लावायला, बाळगायलाही बंदी आहे.

तुमच्या पत्रावरून मला नक्की सांगता येणार नाही. तुऱ्याचं वर्णन तुम्ही केलेलं नाही. पण फटींतून आपोआप 'उगवायला लागलंय' म्हणण्याइतकी रोपं असतील तर माझा संशय सेटेशियमवर आहे. उद्या सकाळी एक पातं आणि एक तुरा तोडून पांढऱ्या कागदावर ठेवा आणि वरची वर्णनं ताडून बघा. शंका उरलीच तर जवळच्या कृषी किंवा वनस्पतिशास्त्राच्या महाविद्यालयात तो कागद घेऊन जा. दांडा, पातं आणि तुरा एकत्र असला तर जाणकाराला ओळखायला सोपं जातं.

सेटेशियम निघालं तर मी तुमच्या यजमानांच्या बाजूने आहे: अठराच्या अठरा काढा. वाईट वाटेल, पण तुमच्या कुंपणाबाहेरच्या मोकळ्या जमिनीचा विचार करावाच लागेल. काढताना घाई करून तुरे हलवू नका. आधी प्रत्येक ठोंबाचे तुरे प्लास्टिकच्या पिशवीत धरून, पिशवीतच कापायचे, तोंड बांधायचं. ते कंपोस्टच्या खड्ड्यात टाकायचे नाहीत. मग बुंधा मुळांसकट खणायचा. वरून कापून हे मरत नाही. मातीत पडलेलं बी सहा-सात वर्षं जिवंत राहतं असं धरून चला, म्हणजे दर पावसानंतर एक चक्कर आणि दिसलेलं रोप बोटभर असतानाच उपटणं आलं. फटींत उकळतं पाणी ओतलं तरी कोवळी रोपं मरतात.

अलोपेक्युरॉइडिस निघालं तर मात्र अभिनंदन, आणि पहार काढा.

कधी काढायची, तेही सांगते, कारण इथेच बरेच जण चुकतात. गवतांचे दोन स्वभाव असतात. काही उन्हाळ्याची: हवा तापली की वाढतात, शेवटी तुरा देतात आणि थंडीत झोपतात. पेनिसेटम, स्विचग्रास, मिस्कँथस, ऊस, वाळा ही सगळी त्यांतली. काही थंड हवेची: गारव्यात वाढतात, कडक उन्हात मरगळतात. निळं फेस्क्यू आणि कॅलमॅग्रोस्टिस ही त्यांतली. उन्हाळी गवत झोपलेलं असताना खणलंत तर तोडलेली मुळं नुसती ओल्या मातीत पडून राहतात आणि कुजतात. ते जागं होतंय तेव्हाच खणायचं. बुडातून हिरवे कोंब दोन बोटं वर आले की समजा वेळ झाली. जिथे बर्फ पडतो तिथे ही वेळ वसंतात येते. जिथे हिवाळा नावापुरताच असतो तिथे हवा तापायला लागली की. तारीख कॅलेंडरात शोधू नका, ठोंबाच्या बुडात शोधा.

आदल्या दिवशी भरपूर पाणी द्या. जुनं वाळलेलं गवत सुतळीने दोन ठिकाणी घट्ट बांधा, एक कंबरेशी, एक मानेशी, पेंढी बांधतात तशी. आणि मग जमिनीपासून वीतभरावर कापा. न बांधता कापलंत तर ते काड्यांचं भुसकट पुढे महिनाभर वेचत बसाल. पूर्ण बाह्यांचा सदरा, जाड हातमोजे आणि चष्मा हवाच. गवताच्या पात्यात वाळूतलं सिलिका असतं, कडेला त्याचे सूक्ष्म दाते असतात. कापलेलं कळतं ते रक्त दिसल्यावर. आणि हात घालण्याआधी काठीने ठोंब थोपटा. अशा आडोशाला बेडूक, सरडे आणि कधी कधी त्यांना खाणारेही राहतात.

मग ठोंबाभोवती वीतभर अंतर सोडून चर खणा आणि पहारीने खालून उचकटा. तीन वर्षांच्या ठोंबाला हे जमतं. दहा वर्षांच्या मिस्कँथसला मी एकदा बोथट फावड्याने भिडले होते; शेवटी फावड्याचा दांडा मोडला आणि ठोंब जागच्या जागी. कुऱ्हाड किंवा जुनी करवत जवळ ठेवा, धारेला लागणारी चांगली हत्यारं नकोत, मातीतले खडे त्यांची वाट लावतात. ठोंब उलटा करून कडेचे तुकडे काढा, दोन मुठींएवढे, प्रत्येकात पाच-सहा फुटवे आणि भरपूर मुळं असलेले. एका ठोंबाचे चार-पाच सहज होतात. मधली वाळकी गाठ टाकून द्या; दया आली म्हणून परत लावू नका, ती फुटत नाही. तुकडे लगेच लावायचे, तोवर ओल्या गोणपाटाखाली. आणि खोलीबाबत काटेकोर राहा: बुंधा आधी होता त्याच पातळीला. खोल पुरलेला बुंधा कुजतो, आणि लोक म्हणतात गवत चिवट नव्हतं.

यंदा ते लहानखुरं, विरळ दिसेल. चालेल. पहिल्या वर्षी त्याचं सगळं काम खालीच चाललेलं असतं.

दरवर्षीची छाटणीही याच वेळी. थंडीच्या सुरुवातीला 'स्वच्छ दिसावं' म्हणून कापणारे खूप असतात. जिथे कडाक्याची थंडी पडते तिथे वाळकी पाती बुंध्याला पांघरूण घालतात, शिवाय दहिवरात भिजलेले तुरे बघण्यासारखे असतात. तेव्हा हिवाळाभर उभं राहू द्या. अपवाद दोन. वाळलेलं गवत भिंतीला, लाकडी कुंपणाला किंवा गॅसच्या टाकीला लागून असेल तर ते जळण आहे, लगेच कापा. आणि फेस्क्यूसारखी सदाहरित थंड हवेची गवतं कधीच बुडापासून कापू नका. मी उत्साहात एकदा दहा ठोंब सपाट केले, त्यांतले सहा परत फुटले नाहीत. त्यांना नुसती हातमोजे घातलेली बोटं केसांसारखी फिरवायची, वाळकी पाती हातात येतात.

झाडाखालच्या तीन ठोंबांचं उत्तर सोपं आहे: त्यांना ऊन नाही. पेनिसेटमला तुऱ्यासाठी दिवसाचे सहा तास तरी थेट ऊन लागतं. खताने ऊन भरून निघत नाही. तिघांना तिथून काढा आणि त्या जागी सावलीत राहणारं काही लावा. हवा थंड आणि माती ओलसर असेल तर जपानचं हाकोनेक्लोआ, झऱ्यासारखं खाली ओघळणारं. नाहीतर केरेक्स, लिरिओपी किंवा ओफिओपोगॉन. ही तिन्ही नर्सरीत गवताच्या रांगेत ठेवतात, पण खरं तर गवत नव्हेत. केरेक्स लव्हाळ्याच्या कुळातला; त्याचा दांडा दोन बोटांत फिरवा, नागरमोथ्यासारख्या तीन धारा लागतील. खऱ्या गवताचा दांडा गोल लागतो आणि त्याला पेरं असतात. उरलेली दोन तर शतावरीच्या नात्यातली. सावलीत तिघंही गुणी.

काकूंचा पम्पास नको. त्यांना दुखवायचं नसेल तर जागा नाही म्हणा, आणि ते खरंच आहे: कोर्टाडेरिया सेलोआना हे दक्षिण अमेरिकेतल्या विस्तीर्ण माळांवरचं गवत, वाढलं की दोन-तीन मीटर उंच आणि जवळजवळ तितकंच रुंद. वाटेच्या कडेला ते लावलंत तर पाहुणे रक्तबंबाळ होऊन आत येतील. एकेका तुऱ्यात हजारोंनी बी, आणि कॅलिफोर्निया, स्पेन, न्यूझीलंड इथे त्याने मोकळ्या जमिनी बळकावल्या आहेत. एक संकट घालवताना दुसरं कशाला घरात घ्यायचं?

भेट आलेल्या गवतांबद्दल माझं मत तसंही कडवट आहे. एका मैत्रिणीने प्रेमाने दिलेलं पांढऱ्या-हिरव्या पट्ट्यांचं फॅलॅरिस मी वाफ्याच्या कोपऱ्यात लावलं होतं. ते ठोंबाने वाढणारं नव्हतं, जमिनीखालून आडवी खोडं सोडत धावणारं होतं. दुसऱ्या वर्षी ते वाफ्याच्या मध्यात, तिसऱ्या वर्षी वाफा त्याचा. खणून काढताना एक पेर राहिलं की तिथून पुन्हा सुरू. तेव्हापासून गवत घेताना मी कुंडी उलटी करून बघते. कुंडीच्या भोकांतून टोकदार पांढरे कोंब बाहेर येत असतील, किंवा मधला झुबका सोडून कुंडीच्या कडेला वेगळेच कोंब उगवले असतील, तर ते धावणारं. मोठा उतार झाकायचा असेल तरच घ्यायचं.

अठरा काढावे लागले तर त्या जागी काय, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण विचारणारच. तुमच्याकडे कडक थंडी पडत असेल तर कॅलमॅग्रोस्टिस 'कार्ल फोर्स्टर'. पोट्सडॅमजवळ रोपवाटिका चालवणाऱ्या, शोभेच्या गवतांचा आयुष्यभर पुरस्कार करणाऱ्या जर्मन माळ्याचं नाव त्याला दिलंय. संकरित असल्यामुळे बी रुजत नाही, सरळ ताठ उभं राहतं, वाटेवर लोळणं माहीतच नाही. अमेरिकेतल्या बहुवर्षायू झाडांच्या संघटनेने २००१ सालचं झाड म्हणून त्याची निवड केली होती. २०१४ मध्ये तोच मान मिळालेलं स्विचग्रास 'नॉर्थविंड' हेही तसंच काठीसारखं ताठ. हवा उष्ण असेल तर यांच्या नादी लागू नका, निदान पहिल्याच्या तरी. ते उकाड्यात कुढतं. तिथे वाळा लावा. लागवडीतले वाळ्याचे प्रकार रुजणारं बी जवळजवळ देत नाहीत, धावत नाहीत, मुळं सरळ खाली सोडतात आणि उतारावरची माती धरून ठेवतात. नुसत्या हिरव्या झुबक्यावर समाधान असेल तर गवती चहासुद्धा वाईट दिसत नाही. त्याला लागवडीत तुरा क्वचितच येतो, त्यामुळे बियांची चिंता नाही. पात्याची धार मात्र त्यालाही आहे, वाटेपासून जरा आतच लावा.

आणि आत म्हणजे किती आत, हे सांगायचं राहिलं, कारण मला वाटतं तुमची निम्मी तक्रार त्यातच आहे. कुंडीतलं रोप वीतभर रुंद असतं, म्हणून आपण ते फरशीपासून वीतभरावर लावतो. पूर्ण वाढलेलं पेनिसेटम ७५ ते ९० सेंटीमीटर पसरतं. म्हणजे बुंधा फरशीच्या कडेपासून निदान ६० सेंटीमीटर आत हवा, आणि दोन बुंध्यांमध्ये ७५ ते ९०. मग ते थोडं झुकलं तरी वाटेवर येत नाही, मातीवरच झुकतं, आणि झुकलेलं छान दिसतं. फाउंटन म्हणतात ते त्यासाठीच.

अठराची सरळ रांगही मोडा. रांगेत एक ठोंब वाकला की शाळेच्या प्रार्थनेत एकट्याच बसलेल्या मुलासारखा लगेच दिसतो. तीन इथे, पाच तिथे, मधे दुसरं काहीतरी ठेंगणं. शक्य असेल तर एक झुबका असा लावा की दारातून बघताना मावळतीचं ऊन त्याच्या मागून येईल. तुऱ्यांची खरी शोभा उन्हाच्या विरुद्ध बाजूने कळते, समोरून ऊन पडलं की ते नुसते करडे दिसतात.

तुमच्या यजमानांना म्हणावं, उपटायची हौस आहे ना, मग या. पहिला ठोंब त्यांनाच उचकटू द्या, आणि मधली गाठ तोडायला कुऱ्हाडही त्यांच्याच हातात द्या.